बायांनी घालून दिलेली रीत

स्मरणिका कोणत्याही संस्थेची असो, पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, दुसऱ्यावर इमारतीचा आणि तिसऱ्यावर ‘आमची मूल्ये’ अशी एक चौकट हमखास असते. सचोटी, पारदर्शकता, सेवाभाव, विनम्रता. मी एका बँकेत जन्मभर नोकरी केली. आमच्या शाखेतही ही चौकट काचेत घालून टांगलेली होती. तिच्याखाली ‘जेवणाची सुट्टी’ लिहिलेला पुठ्ठा लटकायचा आणि येणारे गिऱ्हाईक आधी पुठ्ठा वाचायचे. चौकट कुणी वाचल्याचे मला आठवत नाही.

म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा इतिहास सांगताना अशा चौकटीपासून सुरुवात करता येत नाही. इथे सेवकांनी कसे वागायचे, कुणाला नाही म्हणायचे नाही, कुणाच्या दारात जायचे, कुणाला काय सांगायचे नाही, हे बहुतेक नियम कुठल्या ना कुठल्या बाईने कुरकूर केल्यामुळे झाले. म्हणून हा इतिहास त्या कुरकुरींच्या क्रमाने सांगतो.

आधी गाव. सातारा जिल्ह्यातला माण तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मर्जीने. माणगंगा बहुतेक वर्ष वाळूची नदी. जवळचा राजेवाडीचा तलाव हेच मुळी १८७६-७७ च्या दुष्काळातले दुष्काळी काम. मार्गशीर्ष प्रतिपदेला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. यात्रा उठली की पुन्हा ज्याची त्याची वाट: कुणी मेंढरांमागे, कुणी ऊसतोडीला, कुणी मुंबईला, कुणी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात परमुलखात. मागे घर, शेरडे-करडे, म्हातारी माणसे आणि घेणेकरी सांभाळायला राहते ती बाई. घरातला रोजचा पैसा तिच्या हातातून जातो, पण बँकेत खाते असलेच तर ते मालकाच्या नावावर. निदान तेव्हा तसे होते.

चेतना गाला मुंबईच्या, अर्थशास्त्र शिकलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतून आलेल्या. म्हसवडच्या विजय सिन्हांशी लग्न करून ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या इथे राहायला आल्या. घरात ना नळ ना संडास. चळवळीतली शहरी मुलगी वर्षभरात परत जाईल, असे अनेकांना वाटले असणार. मलाही वाटले असते.

नव्वदच्या दशकात एक बाई त्यांच्याकडे आली. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी, रस्त्याकडेलाच राहणारी. तिला कर्ज नको होते आणि मदतही नको होती. पावसाळ्याच्या आत डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी रोजचे थोडे पैसे साठवायचे होते. ती बँकेत गेली तर बँकेने खाते काढायला नकार दिला. रक्कम फारच लहान. ही पहिली कुरकूर.

नकार देणाऱ्या खुर्चीवर मी बसलेलो आहे, म्हणून इथे जरा थांबतो. माझ्या काउंटरवर एकदा एका बाईने पदराची गाठ सोडली. आत नाणी आणि दोन चुरगळलेल्या नोटा. मोजून अकरा रुपये. मी म्हणालो, आमच्याकडे खाते पन्नासापासून निघते. तिने गाठ पुन्हा बांधली, दातांनी आवळली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “मग पन्नास हुईस्तवर ठिवायचं कुठं, सायब?” माझ्याकडे उत्तर नव्हते. नियमावलीतही नव्हते. मी पुढचे व्हाउचर ओढले.

लोहारकाम करणाऱ्या त्या बाईचा प्रश्न हाच होता. फरक इतका की तो ऐकणारे माणूस खुर्चीत बसलेले नव्हते. त्या बाईसाठी आणि तिच्यासारख्यांसाठी आपलीच बँक काढायची, असे ठरले. भागभांडवल बायांचे, सभासद बाया, प्रवर्तक बाया. अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि फेटाळला गेला. प्रवर्तक निरक्षर, अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे. अशांच्या हाती परवाना कसा द्यायचा?

चाळीस वर्षे त्याच बाजूला काढल्यामुळे म्हणतो, अधिकाऱ्यांचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. सहकारी बँक बुडते तेव्हा ठेवीदार बुडतात, आणि लहान बँकेचे ठेवीदार लहानच असतात. पण अंगठा म्हणजे अडाणीपणा आणि अडाणीपणा म्हणजे बेहिशेबीपणा ही जी साखळी त्यांनी मनात जोडली होती, तिची दुसरी कडी खोटी होती.

चेतनाताई खचून परत आल्या. बाया खचल्या नाहीत. लिहिता येत नाही म्हणून अडले ना, मग शिकवा, असे त्यांचे म्हणणे पडले. पाच महिने संध्याकाळचे वर्ग चालले. दिवसभर रोजगाराला जाऊन, घरी चूल पेटवून, पोरांना वाढून मग पाटी. खुरप्याच्या मुठीने घट्टे पडलेल्या बोटांत पेन्सिल नीट बसत नाही. ज्यांनी प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेतले आहेत त्यांना ठाऊक असेल, ‘का’ चा काना काढताना अशी बाई पेन्सिल इतकी दाबते की टोक मोडते.

पाच महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँक. या वेळी चेतनाताईंबरोबर पंधरा-सतरा बाया. त्यांनी साहेबांना जे सांगितले त्याचा मतलब असा: आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, त्यात आमचा दोष नाही. वाचता येत नसेल, हिशेब येतो. कोणतीही मुद्दल सांगा, व्याज काढून दाखवतो. तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा आणि कोण आधी काढतो ते बघा.

ही केवळ फुशारकी मारलेली नव्हती. माणदेशातल्या बाईला व्याज शिकवावे लागत नाही, ती ते भरत आलेली असते. सावकाराचा दर सांगताना इथे वार्षिक टक्का कुणी सांगत नाही, ‘शेकडा’ सांगतात आणि तो महिन्याचा असतो. समजा साडेसातशे रुपये शेकडा तीनने सात महिने वापरले. आम्ही कॅल्क्युलेटर शोधणार. ती पेरांवर अंगठा फिरवत म्हणणार: पाचशेचे पंधरा, अडीचशेचे साडेसात, महिन्याचे झाले साडेबावीस, सात महिन्यांचे वीस साते एकशेचाळीस, अडीच साते साडेसतरा, एकशे साडेसत्तावन्न. आमच्या आजोबांच्या पिढीने शाळेत छड्या खाऊन पावकी-निमकी पाठ केली. ही ती कर्जाच्या ओझ्याखाली शिकली.

परवाना मिळाला. १९९७ साली बँक सुरू झाली. ग्रामीण बायांनी ग्रामीण बायांसाठी काढलेली देशातली ही पहिली बँक मानतात. शहरात याआधी वाट पडलेली होती. अहमदाबादला १९७४ साली इलाबेन भट्ट यांच्या पुढाकाराने चार हजार कष्टकरी बायांनी दहा-दहा रुपयांचा भाग घेऊन सेवा बँक काढली. तिथेही नोंदणीच्या वेळी सहीचाच खोडा आला होता आणि प्रवर्तक बायांनी रात्र जागून सही गिरवली होती. म्हसवडच्या बायांनी मात्र सही शिकूनही तिच्या आधाराने परवाना मागितला नाही. मागितला तो हिशेबावर.

आता कामकाज. बँक उघडली तरी बाया बँकेत येईनात. का? कारण बँकेची वेळ आणि रोजगाराची वेळ एकच. वीस रुपये भरायला यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बाईने पाटी कुणाच्या भरवशावर सोडायची? ही दुसरी कुरकूर. उपाय नवा नव्हता. सिंडिकेट बँकेने १९२८ सालीच दारोदार फिरून दोन-दोन आणे गोळा करणारी पिग्मी योजना काढली होती आणि आपल्याकडच्या पतसंस्थांनी तो शब्द मराठीच करून टाकला. पण पिग्मी एजंट सहसा बाजारपेठेतल्या दुकानांत फिरतो, कारण त्याचे पोट दलालीवर असते आणि दुकानदार रोज शंभर-दोनशे टाकतो. दहा-वीस रुपयांसाठी भाजीच्या पाटीशी उकिडवे बसणे त्याला परवडत नाही. म्हसवडच्या बँकेने आपल्या माणसांना नेमके तिथे बसायला पाठवले.

हे लिहायला सोपे आहे. करून बघावे. आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी, धुरळ्यात, गिऱ्हाइकाशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस चाललेली असताना, ती थांबेपर्यंत गप्प उभे राहायचे. मग ओल्या हातांनी दिलेल्या नोटा सरळ करून मोजायच्या, तिच्यासमोर पुन्हा मोजायच्या, पावती वाचून दाखवायची. काउंटरच्या आत बसलेल्या कारकुनाची गिऱ्हाईक वाट बघते. इथे कारकून गिऱ्हाइकाची वाट बघतो. माझ्या पिढीतल्या बँकवाल्यांना हे अपमानाचे वाटले असते. वाटलेच.

तिसरी कुरकूर जास्त नाजूक होती. बायांना पासबुक घरी न्यायचे नव्हते. घरात पासबुक सापडले की मालकाला शिल्लक कळते, आणि शिल्लक कळली की ती राहत नाही. पासबुक म्हणजे गिऱ्हाइकाचा हक्क, असे आम्ही शिकलो होतो. इथे तो हक्कच तिच्या मुळावर येत होता. म्हणून नोंदी राहतील पण कागद घरात दिसणार नाही, अशी सोय शोधावी लागली आणि पुढे कार्ड आले. कार्डाबरोबर गुप्त आकडा द्यावा असे तंत्रज्ञांनी सुचवले. बायांनी नको म्हटले. त्यांचा मुद्दा असा की आकडा कुणीही दमदाटी करून, गोड बोलून काढून घेतो. अंगठा कोण चोरणार? अंगठ्याचाच ठसा घ्या.

इथे मी हसलो होतो, आणि मग बराच वेळ गप्प बसलो होतो. ज्या अंगठ्यापायी परवाना नाकारला, त्याच अंगठ्यावर त्यांनी तिजोरीला कुलूप लावले. आज आपण सगळेच रेशन दुकानात आणि मोबाइलवर अंगठा टेकवतो, पदवीधरसुद्धा.

या तिसऱ्या नियमात सेवकांना लागणारी एक वेगळी शिस्त आहे. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. खातेदार बाईचा नवरा, दीर, सासरा वसुली करणाऱ्याला पारावर चहाला बोलावतो आणि सहज विचारतो, “आमच्या हिचं कसं काय चाललंय तुमच्याकडं?” तेव्हा चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून, काहीही न सांगता उठायचे. नात्याच्या गावात हे जमणे मला ताळेबंद जुळवण्यापेक्षा अवघड वाटते.

२००६ साली एचएसबीसी बँकेच्या मदतीने माणदेशी उद्योगिनी सुरू झाली, म्हणजे गावातल्या बायांसाठी धंद्याची शाळा. कर्ज मिळाले तरी माल कुठून घ्यायचा, भाव कसा लावायचा, उधारी कशी रोखायची हे कुणी शिकवत नव्हते. आता इथे शिकवणारे आले, ‘फॅकल्टी’ आली, आणि तिच्यापुढे जुनाच प्रश्न नव्या रूपात. बायांना वाचता येत नाही, तर धडा ऐकण्या-बघण्याचा करा. बाया शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा बसमध्ये घालून गावात न्या. २००८ साली माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आले. रेडिओला तर अक्षरांची गरजच नाही. माणदेशी बोलीची लाज वाटणाऱ्या सुशिक्षितांनी ते जरूर ऐकावे.

शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या दारी जावे ही कल्पना आणखी कुठे इतकी मनावर घेतली गेली, याचा विचार करताना मला कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातले अँटिगोनिश आठवते. लहान गाव, आणि तिथे सेंट फ्रान्सिस झेवियर हे कॅथलिक विद्यापीठ. किनाऱ्यावरचे कोळी व्यापाऱ्यांच्या उधारीत बुडालेले. विद्यापीठाने १९२८ साली विस्तार विभाग काढला आणि तो मोझेस कोडी या धर्मगुरू-प्राध्यापकाच्या हाती दिला. कोडी आणि त्यांचे सहकारी कोळ्यांच्या, खाणकामगारांच्या, शेतकऱ्यांच्या घरी जाऊन बसत. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती अभ्यासमंडळे भरत. त्यांतून पतसंस्था निघाल्या, सहकारी दुकाने निघाली, शेवंडांचे डबे भरणारे सहकारी कारखाने निघाले. त्या विद्यापीठात मूल्य हा शब्द प्रार्थनामंदिरात उच्चारला जात असेलच, पण प्राध्यापकाच्या नोकरीत त्याचा अर्थ संध्याकाळी कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे असा झाला. १९५९ पासून तिथली कोडी इन्स्टिट्यूट जगभरच्या कार्यकर्त्यांना हेच शिकवते.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे! १९१९ साली कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्यास आली. बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. भाऊरावांनी शिक्षकाला ‘सेवक’ म्हटले आणि हा शब्द या जिल्ह्यात असा काही रुजला की आजही निवृत्त मास्तर आपली ओळख ‘रयत सेवक’ अशी करून देतात. एक तक्रार मात्र नोंदवतो. सेवक शब्दाच्या नावाखाली कमी पगारात राबवून घेणाऱ्या संस्थाही महाराष्ट्रात कमी झाल्या नाहीत. त्याग मागायचा तर मागणाऱ्याने तो आधी केलेला असावा लागतो. लक्ष्मीबाईंच्या गळ्याकडे बघून काम करणारी माणसे होती. संचालकांच्या गाडीकडे बघून कुणी तसे काम करत नाही.

चौथी कुरकूर २०१२ च्या दुष्काळातली, आणि तिने बँकेलाच कोड्यात टाकले. एक बाई दागिने घेऊन आली. गहाण ठेवायचे होते, जनावरांच्या चाऱ्यासाठी. बँकेच्या दृष्टीने हे साधे सोनेतारण. वजन करा, कस लावा, रक्कम द्या. पण तिचे पुढचे बोलणे असे होते की पैसे मिळतील, चारा कुठे आहे? गावात पाणी नाही, कडबा नाही. पैशाचे शहाणपण गावभर शिकवता, पाणीच उरले नाही तर कशाची बँक करणार? तारणाच्या नमुन्यात या प्रश्नासाठी रकाना नसतो.

बँकेच्या लोकांनी म्हसवडमध्ये चारा छावणी उघडली. ती सुमारे दीड वर्ष चालली. ज्यांनी छावणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खिल्लार म्हणजे माणदेशी शेतकऱ्याचा मान. पांढराशुभ्र, उंच शिंगांचा, चालताना पाय टापटीप टाकणारा बैल. तो छावणीच्या दावणीला हाडे मोजता येतील असा उभा असतो. उसाच्या वाढ्यांची गाडी आली की सगळ्या माना एकदम वळतात. जनावरामागे माणूसही येतो, कारण जनावर एकटे सोडता येत नाही. दावणीशेजारी चूल पेटते, पोरे तिथेच अभ्यास करतात, रात्री कुणीतरी ओवी धरते. वाढी मोजणे, पेंड वाटणे, पाण्याचे टँकर बघणे, आजारी जनावरासाठी डॉक्टर आणणे, यातले काहीही बँकेच्या कोणत्याही पदाच्या कामात लिहिलेले नसते. पण कर्जदाराची म्हैस मेली तर त्याच्या घरातला रोजचा पैसाही गेला आणि कर्जही गेले, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. छावणीला मी दया म्हणणार नाही. ती उत्तम बँकिंग होती.

२०१८ च्या जानेवारीत दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेला सात सहअध्यक्ष होत्या, सातही स्त्रिया. त्यांत नाणेनिधीच्या प्रमुख क्रिस्तीन लगार्द होत्या आणि म्हसवडच्या चेतना सिन्हाही. गावाला अभिमान वाटला आणि वाटायलाच हवा. आता सभासद वाढल्या. इमारती, संगणक, शाखा, सगळे आले. यावर स्मरणिकेत इतर लेख असतील, मी लांबवत नाही.

मला काळजी आहे ती दुसरी. सहकारी बँकांवरचे नियम दरवर्षी कडक होत चालले आहेत, आणि चार मोठ्या बँका बुडालेल्या पाहिल्यावर ते व्हावेत असेच मी म्हणेन. थकबाकी, तरतूद, लेखापरीक्षण, केवायसी. या सगळ्यात नवा भरती झालेला मुलगा किंवा मुलगी पडद्याकडे बघून बोलायला शिकते. गिऱ्हाईक पलीकडे उभे असते. पदवी त्यांच्याजवळ आहे, अक्षर सुंदर आहे, पण शेकडा तीनने सात महिन्यांचे व्याज तोंडी विचारले तर मोबाइल निघतो. त्यांना दोष देत नाही, मीही तसाच होतो. मात्र इथल्या प्रत्येक चांगल्या नियमाच्या मागे तक्रार घेऊन आलेली एक बाई आणि ती पुरती ऐकून घेणारे एक माणूस आहे. पडद्यावर तक्रारीसाठी बटण असते, पण दातांनी गाठ आवळून दारातून वळणारी बाई ते दाबत नाही. तिच्यासाठी मान वर करावी लागते. नव्या सेवकांच्या प्रशिक्षणात पहिले आठ दिवस आठवडे बाजारात, भाजीच्या पाटीशी बसवावेत, असे माझे मत आहे. संगणक नवव्या दिवशी शिकवला तरी चालेल.

शेवटी एक विनंती. संध्याकाळच्या वर्गातली पाटी, गिरवलेल्या सह्यांची वही, पहिल्या वर्षातली पावती ज्यांच्या माळ्यावर असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये, पुसून नीट ठेवावी. आणि रिझर्व्ह बँकेत गेलेल्या त्या पंधरा-सतरा जणींपैकी कुणाची सून किंवा नात हे वाचत असेल, तर तिने आजीजवळ बसून त्या दिवशीची हकीकत आजीच्याच बोलीत, एक शब्दही न सुधारता लिहून घ्यावी. त्या दिवसाला तीस वर्षे होत आली. उशीर करू नये.